आधी पंखा बंद कर

तू इमारतींच्या वीजबचतीच्या तपासणीची कामं घ्यायला लागलीस, चांगलं केलंस. पण परवा म्हणालीस की दारात बसवायचा तो मोठा पंखा भाड्याने मिळाल्याशिवाय हवेची गळती शोधता येत नाही, ते काही मला पटलं नाही. पंखा मिळेल तेव्हा मिळेल. तोवर कान आहेत, दीड मीटर नळी कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि आवाज करायला तुझा फोन आहे. फटी कुठे आहेत हे एवढ्यावर बहुतेक कळतं. मी उमेदीची वर्षं ध्वनिमुद्रणाच्या खोल्या बांधण्यात घालवली आणि नंतर शीतगृहांच्या कामात आलो, तेव्हा नातेवाइकांना वाटलं मामाने धंदा बदलला. मला तसं वाटलं नाही. स्टुडिओत बाहेरचा आवाज शिरू द्यायचा नाही, शीतगृहात बाहेरची दमट हवा शिरू द्यायची नाही, आणि दोघांची आत यायची वाट एकच.

कामाच्या जागी गेलीस की आधी पंखा बंद कर. एसी, फ्रिज, टीव्ही, पाण्याचा पंप, देवघरातली ती सतत चालणारी मंत्राची डबी, सगळं बंद. घरच्यांना सांग की अर्धा तास बोलायचं नाही. हे सांगायला संकोच वाटतो, पण न सांगितल्यास ते तुझ्या मागे मागे येऊन ‘काही सापडलं का’ विचारत राहतात. सगळं बंद झाल्यावर लगेच कामाला लागू नकोस. पाच मिनिटं नुसती उभी राहा. आधी न जाणवलेले आवाज, लिफ्टची मोटर, वरच्या मजल्यावरचा नळ, एकेक करून वर येतील. ते कुठून येतात ते ओळखून ठेव, म्हणजे पुढे त्यांनी फसवायला नको. वेळ शक्यतो दुपारची घे. सकाळी कुकरच्या शिट्ट्या आणि संध्याकाळी हॉर्न, यात कोणाचाही कान चालत नाही.

आता आवाजाने फट का सापडते ते नीट समजून घे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जाड भिंत आवाज अडवते, आणि बारीक, चिरका आवाज जास्त अडवते. आवाजाची कंपनं दुप्पट केली की तीच भिंत साधारण ६ डेसिबल जास्त अडवते, असा ढोबळ नियम आहे. म्हणून शेजारच्या लग्नातला ढोल भिंतीतून येतो आणि सनई येत नाही. फट मात्र हा भेद करत नाही. जाड-बारीक सगळं ती तसंच सोडते. तेव्हा भिंतीच्या या बाजूला उभं राहून पलीकडचा चिरका भाग स्पष्ट ऐकू आला, तर तो भिंतीतून आलेला नाही, मोकळ्या वाटेने आलेला आहे. आपल्याला तेवढाच ऐकायचा.

आकडा हवा असेल तर हा घे. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का भाग उघडा असेल, तर बाकीची भिंत कितीही भक्कम असो, एकूण अडवणूक २० डेसिबलच्या वर जात नाही. सागवानी दार घे. २.१ मीटर उंच, ९० सेंटिमीटर रुंद, दोन इंच जाड, पाहिजे तेवढं महाग. खाली १ सेंटिमीटरची फट राहिली की दाराच्या अर्धा टक्का भाग उघडा झाला, आणि त्या दाराची लायकी २३ डेसिबलवर येऊन थांबली. स्टुडिओच्या मालकांना हे पटवताना माझी दमछाक व्हायची. दारावर लाखभर घालायची तयारी असायची, पण दाराखालच्या रबरी पट्टीला पैसे मागितले की चेहरा बदलायचा.

काहीही उपकरण नसताना करायची पहिली परीक्षा अशी. एकाला खोलीत बसव, दार-खिडक्या लावून घे आणि त्याला नेहमीच्या आवाजात वाचायला सांग. वर्तमानपत्र चालेल, पण मी एक वाक्य ठरवून ठेवलं होतं: ‘शेजारच्या शिंप्याने सशाच्या शेपटाशी सुई सोडली.’ अर्थ शोधू नकोस, त्यात स आणि श किती आहेत ते बघ. अ, आ, ओ या स्वरांची ताकद काही शे हर्ट्झमध्ये असते, ती भिंतीतून घुमत घुमत बाहेर येते. स आणि श यांचा जोर ४ ते ८ हजार हर्ट्झच्या आसपास. तो विटेच्या भिंतीतून येत नाही. बाहेर उभी राहून भिंतीला कान लावलास की ‘ए आ या ई या ए’ असं काहीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू येईल, माणूस बोलतोय हे कळेल, काय बोलतोय ते कळणार नाही. मग तशीच चौकटीच्या कडेने सरकत जा. जिथे अचानक ‘शिंपी’ आणि ‘ससा’ ऐकू यायला लागतात, तिथे थांब. तिथे फट आहे.

यात एक गंमत आहे. आवाज मोठा झाला की नाही याकडे नवशिक्यांचं लक्ष जातं. तो कोपऱ्यात गेलं की आपोआपच मोठा होतो, फट असो वा नसो. तू मोठा-लहान सोड, शब्द उमगतो का ते बघ.

वाचणारा माणूस दमतो, शिवाय त्याला हसू येतं. म्हणून दुसरी पायरी खरखराटाची. पूर्वी आम्ही रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे लावून ठेवायचो, त्याची ‘शूऽऽ’ अगदी हवी तशी असायची. आताचे रेडिओ स्टेशन नसलं की गप्प होतात. फोनवर ‘व्हाइट नॉइज’ शोध, ढिगाने मिळतील, आणि तो ब्लूटूथ स्पीकरवर लाव. स्पीकर जरा बरा घे, फोनच्या पोटातला पुरत नाही. त्याचं तोंड तपासायच्या भिंतीकडे करू नकोस, समोरच्या कोपऱ्याकडे कर, म्हणजे आवाज आपटून सगळ्या खोलीत सारखा पसरेल. तोंड थेट खिडकीकडे केलंस तर खिडकी गळते आणि दार चांगलं आहे असा उगाच निकाल निघतो. आवाज व्हॅक्यूम क्लीनरइतका पुरे, आणि लावलास की स्वतः बाहेर ये.

बाहेरून ऐकायला नळी लागते. गवंडी पाणसळ धरायला वापरतात ती पारदर्शक नळी, ८-१० मिलिमीटर पोकळीची, दीड मीटर घे. त्याहून सोपं म्हणजे स्वस्तातला स्टेथोस्कोप घ्यायचा आणि छातीवर ठेवायची चकती काढून टाकायची. उघडं टोक चिरेसमोर धरायचं, चिकटवायचं नाही, अर्धा सेंटिमीटर लांब. चिकटवलंस तर चौकटीची थरथर कानात येते. सरकवण्याचा वेग सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर, त्याहून घाई नाही. शूऽऽ वाढत जाते, एका जागी टोकाला पोचते आणि पुढे उतरते. टोकाच्या जागी मास्किंग टेपचा तुकडा लाव. शिसपेन्सिलीची खूण नको, नव्याने रंगवलेल्या भिंतीवर मालक ओरडतो.

खूण केलीस म्हणजे फट सिद्ध झाली असं नाही. स्वयंपाकघरातून कणकेचा लिंबाएवढा गोळा मागून घे आणि खुणेवर दाबून बसव. आवाज लगेच मेला तर फट तिथेच. कमी झाला पण राहिला, तर तीच फट पुढे मागे लांबलेली आहे. काहीच फरक पडला नाही, तर तू ऐकत होतीस ते वेगळंच काही. सुताराची लांबीही चालते, पण ती निघताना रंग काढते. कणीक पुसून काढता येते आणि कोणाच्याही घरात मिळते.

घरातल्या जागा मी सांगतो, पण क्रम तुझा तू लाव. आपल्याकडे सगळ्यात वाईट असते ती सरकती खिडकी. दोन झडपा जिथे एकमेकींवरून जातात त्या मधल्या उभ्या कडेला केसाळ पट्टी असते, ती चार-पाच वर्षांत झिजून टक्कल पडते. तिथे नळी खालून वर ने. मग खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यामधला सांधा: सिलिकॉन बाहेरून भरलेलं दिसतं, आत नुसती पोकळी असते. स्प्लिट एसीच्या तांब्याच्या नळ्या जिथून भिंतीबाहेर जातात ते भोक तर बहुतेक घरांत अर्धंच बुजवलेलं असतं. बाहेरून प्लास्टिकची चकती लावून झाकतात, म्हणून कोणाला दिसत नाही. स्विचबोर्ड विसरू नकोस. भिंतीतून गेलेला वायरचा पाइप वर फॉल्स सीलिंगच्या पोकळीत उघडतो, आणि ती पोकळी कुठे कुठे उघडते ते बांधणाऱ्यालाही माहीत नसतं. बोर्ड उघडू मात्र नकोस. प्लगच्या भोकांसमोर नळीचं टोक नुसतं धर, आत काही घालायचं नाही. बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनच्या पट्ट्या मिटत नाहीत, ते तर नुसत्या डोळ्यांनीही दिसतं.

काही भोकं मुद्दाम ठेवलेली असतात, ती बुजवायची नाहीत. सरकत्या खिडकीच्या पन्हळीला बाहेरच्या बाजूला बारीक आयताकृती भोकं असतात. पावसाचं पाणी पन्हळीत साचलं की तिथून बाहेर पडतं. आवाज तिथूनही येणार, आणि उत्साही माणूस ती सिलिकॉनने भरणार, आणि जुलैत पाणी खोलीत येणार. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर त्या बाथरूमची झडप, जाळी, दाराखालची फट, कशालाही हात लावायचा नाही. उलट ती कमी असेल तर मालकाला वाढवायला सांग. अर्धवट जळलेल्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस आंघोळ करता करता पडतो. अशा बातम्या आपल्याकडे दर हिवाळ्यात छापून येतात. वीज वाचवण्याच्या नादात एकही हवेची वाट अशा ठिकाणी बंद केलीस तर माझ्याकडे येऊ नकोस. स्वयंपाकघरालाही तेच लागू.

आणि अगं, आपल्या जुन्या घरांत गळती शोधायला जाऊच नये. वाड्याचा चौक, माजघराचे झरोके, कौलांमधली मोकळीक, ही सगळी वारं खेळावं म्हणून केलेली योजना आहे. हवाबंदपणाचा ध्यास थंड देशांचा. दारात पंखा बसवून घराची गळती मोजायची पद्धत १९७०च्या दशकात स्वीडनमध्ये रुजली, कारण तिथे गळती म्हणजे फुकट गेलेलं जळण. जर्मनीत ज्याला पॅसिव्ह हाऊस म्हणतात, त्या घरातली हवा ५० पास्कल दाबाला तासाभरात ०.६ पटीहून जास्त बदलता कामा नये. आपल्याकडे हा हिशेब जिथे पैसे देऊन थंडावा विकत घेतला आहे तिथेच लागू होतो: एसीची खोली, शीतगृह, ऑपरेशन थिएटर, सर्व्हर रूम. तुझी गिऱ्हाइकं तिथे आहेत.

वारा असेल त्या दिवशी फट आपणहून बोलते, हे खरं. पण शिट्टीवर फार भिस्त ठेवू नकोस. शिट्टी वाजायला धारदार कड आणि अरुंद चीर लागते. पुष्कळदा जी फट रात्रभर किंचाळून झोप मोडते ती पोस्टकार्डाइतकी पातळ असते, आणि तिच्या शेजारी हाताचा पंजा जाईल एवढं भोक एक शब्द न काढता दसपट हवा नेत असतं. घरमालक तुला शिट्टीची जागा दाखवेल. ती बघ, पण आजूबाजूचं आधी बघ.

वारा नसेल तर थोडा दाब स्वतः तयार करता येतो. सगळी दारं-खिडक्या लावायची, गॅस गीझर आणि शेगडी बंद आहे याची खात्री करायची, मग स्वयंपाकघराची चिमणी आणि बाथरूमचे एक्झॉस्ट एकदम लावायचे. आतली हवा बाहेर ढकलली गेली की बाहेरची फटींतून आत येते. ओल्या हाताच्या पाठीला ती लगेच कळते. पंख्यांच्या घरघरीत कान इथे निरुपयोगी, इथे हात आणि उदबत्ती. दारातल्या मोठ्या पंख्याने ५० पास्कल दाब येतो, म्हणजे पाण्याच्या ५ मिलिमीटर उंचीएवढा, साधारण ताशी ३२ किलोमीटरच्या वाऱ्यासारखा. चिमणीने एवढा नाही येत, पण दिशा कळायला पुरतो.

आता शीतगृह. तिथे गळतीचा त्रास विजेच्या बिलापुरता राहत नाही. ३० अंशांची पावसाळी हवा दर घनमीटरला ३० ग्रॅमपर्यंत पाण्याची वाफ धरते. ० अंशाला ती ५ ग्रॅमसुद्धा धरू शकत नाही. आत शिरलेल्या प्रत्येक घनमीटरमागे २५ ग्रॅम पाणी टाकून देते, ते कॉइलवर बर्फ होऊन बसतं किंवा पॅनेलच्या आत शिरतं. पॅनेलमधला पफ, म्हणजे आतला फोम, एकदा भिजला की वाळत नाही. म्हणून दाराच्या कोपऱ्यात, छताच्या सांध्यावर बर्फाची मिशी दिसली की ती खरवडून काढण्याआधी तिची जागा कागदावर काढून ठेव. ती फुकटात मिळालेली खूण आहे.

शीतगृहात फट स्वतःच आवाज करेल अशी एक वेळ असते, आणि ती पकडायची युक्ती मला एका जुन्या मिस्त्रीने शिकवली. दार उघडून मिनिटभर उघडंच ठेवायचं, मग लावायचं आणि ताबडतोब बाहेरून रबरी गॅस्केटच्या कडेने नळी फिरवायला लागायचं. आत शिरलेली गरम हवा थंड होऊन आक्रसते, आत ओढ तयार होते, आणि पहिली वीस-तीस सेकंदं प्रत्येक फट बाहेरची हवा खेचत सुस्कारे टाकते. तेवढ्याच वेळात दार पुन्हा उघडायला गेलं तर जड लागतं, तेही त्याच ओढीमुळे. एका दमात चारही बाजू होत नाहीत. एक बाजू ऐकायची, पुन्हा दार उघडायचं, दुसरी बाजू. बहुतेक वेळा खालचे दोन कोपरे दोषी निघतात, कारण ट्रॉलीचं चाक तिथे घासतं.

त्या वेळी भिंतीत कुठेतरी वर ‘टक-फूस’ असा आवाज आला तर आनंद मान, तिकडे सिलिकॉन घेऊन धावू नकोस. ती दाब सारखा करणारी झडप आहे. ३० अंशांची हवा ० अंशावर आणली की तिचा आकार दहा टक्क्यांनी घटतो. खोली खरोखर ठार हवाबंद असती तर आतला दाब दहा टक्क्यांनी पडला असता, म्हणजे भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर बाहेरून एक टनाचा भार. पॅनेल आत दुमडलं असतं. ती झडप बुजवलेली आढळली तर बाकी तपासणी बाजूला ठेव आणि आधी ती मोकळी करून घे.

पॅनेलच्या सांध्यांवर आतल्या बाजूने कॅमलॉकची, म्हणजे पॅनेलं एकमेकांना आवळणाऱ्या कुलुपांची, गोल भोकं असतात, त्यांवर प्लास्टिकची टोपणं. टोपण पडलं की कोणी परत बसवत नाही, आणि तिथे नळी धरलीस की शूऽऽ हमखास. कॉइलखालून पाणी नेणारा पाइप बाहेर कुठे निघतो तेही बघ. त्याला यू आकाराचा वळसा नसेल, किंवा वळशात पाणी नसेल, तर तो पाइप म्हणजे दिवसरात्र उघडं ठेवलेलं भोक. आत जाण्यापूर्वी दार आतून उघडतं की नाही हे दोनदा करून बघ, आणि बाहेर एक माणूस उभा कर. यात कौतुक करून घेण्यासारखं काही नाही, पण विसरणारी माणसं मी पाहिली आहेत. अमोनियावर चालणारा प्लँट असेल तर यंत्रघरात हे प्रयोग करायचेच नाहीत. नाकाला झोंबलं की बाहेर पड आणि तिथल्या ऑपरेटरला सांग.

नाशिककडे द्राक्षांच्या हंगामात, जानेवारीपासून एप्रिलपर्यंत, प्रीकूलिंगच्या खोल्या तुझ्यासाठी कोणी रिकाम्या करणार नाही आणि पंखेही थांबवणार नाही. ती कामं दिवाळीच्या सुमारास घे, तेव्हा खोल्या मोकळ्या असतात. जळगावकडे केळी पिकवायच्या खोल्यांत आणखी एक कारण आहे. तिथे १६ ते १८ अंशांत साधारण १०० पीपीएम इथिलीन सोडून खोली दिवसभर बंद ठेवतात. खोली गळकी असली की गॅस उडून जातो आणि एका बाजूचे घड हिरवे राहतात. १०० पीपीएम म्हणजे हवेच्या एक शतांश टक्का, तेवढ्याने पेट घेत नाही. पण इथिलीन हवेत २.७ टक्के झालं की ज्वलनशील, आणि सिलिंडर शेजारीच असतं. तिथे उदबत्ती पेटवायची नाही. रेग्युलेटर, नळ्या, सिलिंडर सगळं बंद असताना, खोली रिकामी असताना, स्पीकर आत ठेव आणि बाहेरून ऐक. धान्याच्या गोदामात धुरी द्यायच्या आधीही असंच. फॉस्फीन विषारी आहे, गोळ्या आत असताना तपासणी नसते.

आवाजाच्या पद्धतीला खरा मान अशाच ठिकाणी आहे, जिथे धूर चालत नाही. सर्व्हर रूममध्ये उदबत्ती लावलीस तर आगीची घंटा वाजेल आणि कदाचित लाखो रुपयांचा विझवण्याचा गॅस सुटेल. तो गॅस सुटल्यावर साधारण १० मिनिटं खोलीत टिकायला हवा असतो, म्हणून त्या खोल्यांना गळतीची भीती जास्त. ऑपरेशन थिएटरमध्ये धुराचं नाव काढू नये.

आता ही विद्या कुठे खोटं बोलते ते सांगतो, नाहीतर तू अहवालात भलतंच लिहिशील. पातळ काच आणि जिप्समचा पत्रा हवा सोडत नाहीत पण आवाज सोडतात. ६ मिलिमीटरची काच २,००० हर्ट्झच्या आसपास आवाजाबरोबर स्वतःच डोलायला लागते आणि त्या पट्टीत तिची अडवणूक ढासळते. काचेच्या मधोमध शूऽऽ आली तर ती ही. कडेला नेऊन फरक ऐक, मधल्यापेक्षा कडेला जास्त तिखट येत असेल तरच खूण कर. याच्या उलट, फट ग्लासवूलने भरलेली असेल तर हवा त्यातून आरामात जाते पण आवाज लोकरीत जिरतो. कानाला सगळं ठीक वाटतं. दोन-तीन वळणं घेत जाणारी वाटही अशीच मुकी असते. म्हणून एसीच्या डक्टच्या आसपास आणि फॉल्स सीलिंगच्या वर कानाचा ‘नाही’ हा शेवटचा शब्द धरू नकोस. आणि फट किती मोठी, किती हवा जाते, हे कान सांगत नाही. त्यासाठी तुझा तो भाड्याचा पंखाच लागतो. अमेरिकेतल्या एएसटीएम संस्थेच्या ई ११८६ या मानकात गळतीची जागा शोधायच्या पद्धतींमध्ये आवाजाची पद्धत धूर आणि इन्फ्रारेडच्या बरोबरीने दिली आहे. जागा शोधायच्या, मोजायच्या नाही, हे मालकाला आधीच सांगितलेलं बरं.

यंत्रं आली आहेत. ४० हजार हर्ट्झचा, माणसाला न ऐकू येणारा आवाज सोडणारी डबी आत ठेवायची आणि बंदुकीसारखा रिसीव्हर बाहेरून रोखायचा. तो आवाज खाली उतरवून तुझ्या हेडफोनमध्ये देतो. त्या आवाजाची लाट जेमतेम साडेआठ मिलिमीटरची, म्हणून ती सरळ रेषेत जाते, बोटानेही अडते, आणि फट बोटाच्या टोकाएवढ्या नेमकेपणाने सापडते. रस्त्यावरच्या गोंगाटाचाही तिला त्रास नाही. कॉम्प्रेसरच्या ६-७ बारच्या लाइनीवर आत डबी ठेवायचीही गरज नसते, गळती स्वतःच त्या पट्टीत ओरडते. इमारतीच्या ५० पास्कलला एवढी ओरड होत नाही, हे विकणारा सांगत नाही, म्हणून डबीसकट घे. डझनावारी मायक्रोफोन एका चौकटीत लावून पडद्यावर रंगीत डाग दाखवणारे कॅमेरेही आहेत. शिकागोजवळच्या आरगॉन प्रयोगशाळेने तर आवाजावरूनच गळतीचं प्रमाण काढण्याच्या पद्धतीवर काम केलं आहे. परवडेल तेव्हा जरूर घे. पण पहिली दोन वर्षं नळीने काम कर, म्हणजे कॅमेऱ्याने काचेवर डाग दाखवला तर तू हसशील.

साठीनंतर माझ्या कानातून ८-१० हजारांच्या वरचं हळूहळू गेलं, सगळ्यांचंच जातं. तुझे अजून चांगले आहेत. तरीही शंका आली तर घरातल्या दहा-बारा वर्षांच्या पोराला नळी दे. त्याला तुझ्याहून जास्त ऐकू येतं आणि त्याला ते काम फार आवडतं. फोनवर आवाजाचे पट्टे दाखवणारं ॲप ठेव आणि ४ ते १० हजारांमधलं बघ. फक्त साध्या रेकॉर्डरवर भरवसा ठेवू नकोस, फोन खरखर ही घाण समजून ती आपणहून पुसतो, आणि आपल्याला तीच हवी असते. प्रक्रिया न करता जसंच्या तसं रेकॉर्ड करणारं ॲप शोध.

फटी भरून झाल्या की त्याच दिवशी पुन्हा ऐकायला जाऊ नकोस. सिलिकॉन पुरतं सुकायला दिवसभर तरी लागतो, आणि ओलं असताना ते सगळंच झाकल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी तोच स्पीकर, तोच कोपरा, तेवढाच आवाज लावून सगळ्या खुणा परत फिर. आवाजाचा काटा कुठे होता ते पहिल्या दिवशीच लिहून ठेव. या दुसऱ्या फेरीचे पैसे सुरुवातीच्या कोटेशनमध्येच धर, मागून मागितले तर कोणी देत नाही.

पिशवीत एवढं असू दे: स्टेथोस्कोप, पाणसळीची नळी, स्पीकर, मास्किंग टेप, टॉर्च, मोजपट्टी, उदबत्तीचा पुडा आणि काडेपेटी. काडेपेटी वेगळ्या कप्प्यात ठेव, केळीच्या खोलीवर जाताना ती घरी राहिली पाहिजे. स्टेथोस्कोपची कानातली टोकं स्पिरिटने पुसत जा, ती पोरांच्याही कानात जाणार आहेत.